प्रकल्प अहवाल बँकेसाठी नव्हे, धंद्यासाठी

हातकणंगले : उद्योग हा हातकणंगले तालुक्याचा जुना परिचय आहे. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि संस्थानचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या व्यवसायाला पाठबळ दिले. हुपरीत चांदीचे दागिने घडविणारे हात पिढ्यान् पिढ्या तयार होत आले. पुलाची शिरोली येथील औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि यंत्रकाम स्थिरावले, तर कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीने मोठ्या उद्योगांना जागा दिली. त्यामुळे येथील तरुणाला कारागिरी शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. त्याची खरी परीक्षा होते ती कागदावर, प्रकल्प अहवाल लिहिताना.

अनेकदा हा अहवाल केवळ कर्जमंजुरीची अट म्हणून तयार करून घेतला जातो. दुसऱ्याच्या अहवालातील नाव आणि पत्ता बदलला जातो, आकडे तेच राहतात. कर्ज मिळतेही, मात्र पहिल्या सहा महिन्यांतच हिशेब कोलमडतो आणि तारण ठेवलेले घर किंवा शेत धोक्यात येते. म्हणून अहवालाचा पहिला वाचक बँकेचा अधिकारी नव्हे, तर स्वतः उद्योजक असला पाहिजे.

अहवालात काय असावे?

उत्पादन कोणते, ग्राहक कोण आणि तो सध्या हा माल कोणाकडून घेतो, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रारंभी हवीत. 'बाजारात मोठी मागणी आहे' या वाक्याला बँकेत किंमत नाही. दोन संभाव्य ग्राहकांची मागणीपत्रे अधिक बोलकी ठरतात. त्यानंतर जागा, यंत्रे, वीजजोडणी, कामगार आणि परवाने यांचा तपशील द्यावा. यंत्रांच्या किमती अंदाजाने न लिहिता पुरवठादारांची दरपत्रके जोडावीत. कापडावरील रंगप्रक्रियेसारखा उद्योग असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाणी प्रक्रियेचा खर्च आधीच गृहीत धरावा लागतो.

खरी मेख खेळत्या भांडवलाची

यंत्राचा खर्च सर्वांच्या लक्षात येतो. कच्चा माल, पगार, वीजबिल आणि उधारी यांत अडकणारा पैसा मात्र बहुतेक अहवालांत कमी दाखविला जातो. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीने १९९२ मध्ये लघुउद्योगांसाठी एक सोपे सूत्र दिले. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के रक्कम खेळते भांडवल म्हणून धरावी. त्यातील २० टक्के बँकेने द्यावी आणि पाच टक्के उद्योजकाने उभी करावी.

उदाहरणार्थ, सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्याची वार्षिक उलाढाल ६० लाख रुपये धरली, तर सूत्रानुसार १५ लाख रुपये लागतील. त्यातील १२ लाख बँकेचे आणि तीन लाख स्वतःचे. पण ग्राहक ९० दिवसांनी पैसे देत असेल, तर दरमहा पाच लाखांप्रमाणे १५ लाख रुपये केवळ येण्यांमध्येच अडकतात. मग कच्चा माल घ्यायचा कशातून? सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उत्पादकांची देणी कमाल ४५ दिवसांत चुकती करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. तथापि, अहवाल कायद्यातील मुदतीवर नव्हे, तर ग्राहकाच्या प्रत्यक्ष सवयीवर बेतावा.

धंदा बदलला की हे गणितही बदलते. इचलकरंजीतील 'खर्चीवाला' यंत्रमागधारक व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतो. त्याला सुताचे भांडवल लागत नाही. मात्र त्याचे उत्पन्न मजुरीच्या दरावर अवलंबून राहते. स्वतःचे सूत घेणाऱ्याला सुताच्या भावातील चढ-उतार सोसावा लागतो. हुपरीत तर कच्चा माल म्हणजे चांदीच. २०२५ या एका वर्षात चांदीचा भाव दुपटीहून अधिक वाढला. म्हणजेच तेवढ्याच वजनाचा माल घडविण्यासाठी दुपटीहून अधिक पैसा गुंतवावा लागला.

ना नफा, ना तोटा

वरील कारखान्यातच एका नगाची किंमत १०० रुपये आणि त्यावरील कच्चा माल, वीज, हत्यारे यांचा खर्च ७० रुपये असेल, तर हाती ३० रुपये उरतात. भाडे, पगार आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याचा स्थिर खर्च ९० हजार रुपये असल्यास किमान तीन हजार नग विकलेच पाहिजेत. अपेक्षित विक्री पाच हजार नगांची आहे. म्हणजे विक्री ४० टक्क्यांनी घटली तरी कारखाना तगेल. हेच गणित किंमत ९० रुपयांवर आली असता पुन्हा करून पाहावे. तेव्हा एका नगामागे २० रुपयेच उरतात आणि साडेचार हजार नग विकावे लागतात. दहा रुपयांच्या सवलतीने सुरक्षिततेचे अंतर किती आक्रसते, हे यावरून लक्षात येते.

जिल्हा उद्योग केंद्र आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र यांच्याकडे मार्गदर्शनाची सोय आहे. सनदी लेखापालाची मदत घेण्यातही गैर काही नाही. परंतु अहवालातील प्रत्येक आकडा कोठून आला, हे बँकेत विचारल्यावर उद्योजकाला स्वतः सांगता आले पाहिजे. ज्या आकड्याचे उत्तर देता येत नाही, तेथेच उद्याची अडचण दडलेली असते. ती कागदावर सापडली, तर खोडून दुरुस्त करता येते. कारखाना सुरू झाल्यावर सापडली, तर तिची किंमत घरादाराला मोजावी लागते.