तण खाई धन, पण केव्हा?

ज्वारी दीड महिन्याची झाली की बायका खुरपणीला बसतात. गुडघाभर गवत निघतं, रान स्वच्छ दिसतं आणि वेळेत काम उरकल्याचं समाधान मालकाला मिळतं. मात्र तणाला जे खायचं होतं ते त्याचं तोवर खाऊन झालेलं असतं.

‘तण केव्हाही काढलं तरी काढलंच’ हा समज सर्वांत महागात पडतो. खरीप ज्वारीला पेरणीनंतरचे साधारण 15 ते 45 दिवस तणाची स्पर्धा सोसत नाही. गव्हाला पहिले 30 ते 45 दिवस. गव्हाचे फुटवे याच काळात ठरतात. एकदा कमी फुटले की पुढची निंदणी ते परत आणत नाही. एवढंच काय, तण अंगाला भिडण्याआधीच पीक बिथरतं. हिरव्या पानांवरून परावर्तित होणारा अतिरक्त (फार-रेड) प्रकाश मक्याच्या कोवळ्या रोपाला शेजारी कोणी असल्याची वर्दी देतो. मग रोप उंच व्हायच्या मागे लागतं आणि मुळांकडे दुर्लक्ष होतं. म्हणून पहिली कोळपणी तण नखाएवढं असतानाच हवी.

‘तणानं खाल्लं तर खत वाढवू’ हा हिशेबही फसवा. पाखडासारखं गवत उष्ण, लख्ख उन्हात भातापेक्षा अधिक कार्यक्षमतेनं अन्न बनवतं. वाढीव युरियाचा पहिला घास तेच घेतं. त्यातून कोवळं पाखड भातासारखंच दिसतं, त्यामुळे आवणात निवडतानाही हातून सुटतं.

‘फवारणी केली की प्रश्न मिटला’ असं मानणाऱ्यांनी हरियाणा-पंजाबकडे पाहावं. तिथल्या गव्हातलं गुल्ली-डंडा हे गवत वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन या एकाच तणनाशकानं मारलं गेलं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ते मरेनासं झालं. काही शेतकऱ्यांना उभा गहू हिरवाच कापून जनावरांपुढे टाकावा लागला. नवी औषधं आली, कालांतरानं त्यांनाही ते पुरून उरू लागलं. दोष औषधाचा कमी, दरवर्षी भात-गहू आणि तेच औषध या सवयीचा जास्त. बरसीमसारखं दुसरं पीक घेतलं, पेरणी लवकर केली, की या गवताचा जोर ओसरतो. दुकानदार हे सांगणार नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

आता ज्वारीतला टारफुला. ‘एवढंसं रोप काय बिघडवणार?’ असं त्याच्याकडे पाहून वाटतंच. पण हे तण ज्वारीशी स्पर्धा करत नाही, थेट तिच्या मुळाला चिकटून तिचंच पाणी आणि अन्न ओढतं. जमिनीवर कोंब दिसण्याआधी कित्येक दिवस हा उद्योग चाललेला असतो. मालकाला वाटतं, पाऊस कमी पडला म्हणून ज्वारी सुकतेय! एका रोपाला हजारो बिया येतात, मिलिमीटरच्या पाव भागाएवढ्या, आणि त्या मातीत दहा वर्षंही जिवंत राहतात. यजमान पिकाच्या मुळांतून झिरपणाऱ्या रसायनाची चाहूल लागली तरच त्या उगवतात. असं पहिलं रसायन 1966 मध्ये अमेरिकेत वेगळं केलं गेलं, तेही ज्वारीच्या नव्हे, कपाशीच्या मुळांतून. कपाशी या बियांना उगवायला लावते, पण पोसत नाही; उगवलेला कोंब उपाशी मरतो. अमेरिकेतल्या कॅरोलिना राज्यांत 1956 मध्ये टारफुला सापडला; पुढे याच तत्त्वावर जमिनीत इथिलीन वायू सोडून त्याच्या बिया अवेळी उगवायला लावल्या गेल्या.

टारफुल्याच्या बाबतीत मात्र खताचा हिशेब उलटा आहे. नत्र-स्फुरदाला भुकेली ज्वारी ती रसायनं जास्त सोडते, म्हणून हलक्या, उपाशी रानात टारफुला माजतो. अशा रानाला शेणखत आणि नत्र द्यावं, अधूनमधून कपाशी किंवा भुईमूग घ्यावा आणि दिसलेलं प्रत्येक रोप फुलावर येण्याआधी उपटून जाळावं. बांधावर फेकलेलं फुलोऱ्यातलं रोपही बी धरू शकतं.