सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात आणि अंगणात उभ्या असलेल्या जुन्या डिझेल गाड्या अडून बसतात. सेल्फ फिरत राहतो, इंजिन मात्र पेटत नाही. मग कोणी हीटर प्लग बदलायला सांगतो, कोणी पंप उतरवायला. आठ-दहा हजारांचे सुटे भाग बदलूनही दुसऱ्या दिवशी तीच रड असते.

नाशिककरांना हा विषय परका नाही. स्कॉर्पिओ 2002 मध्ये बाजारात आली ती इथल्याच कारखान्यातून. सातपूरला डिझेलची नोझल बनवणारा बॉशचा कारखाना आहे; त्या कंपनीचे जुने नाव 'मायको' शहरातल्या सर्कलला अजून चिकटून आहे. नोझलमधली सुई आणि तिचे घर यांच्यात अवघी दोन-चार मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड. इतक्या नाजूक जोडणीवर गाडीचे सुरू होणे अवलंबून असते.

जुन्या डिझेल इंजिनात पंप प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने दाबाचा झटका देई. नंतर आलेल्या 'कॉमन रेल' पद्धतीत डिझेल आधी एका जाड नळीत प्रचंड दाबाखाली साठवले जाते आणि इंजेक्टर कधी उघडायचा हे संगणक ठरवतो. इंजिन फिरवताना रेलमधला दाब साधारण 200 बारपर्यंत चढला नाही, तर बऱ्याच गाड्यांचा संगणक इंजेक्टर उघडतच नाही. म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, टाकी भरलेली आहे, तरी सिलिंडरमध्ये डिझेलचा थेंबही पडत नाही.

म्हणून पहिली तपासणी फुकटातली आहे. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण जळत नाही. संशय हीटर प्लगवर, मंद फिरणाऱ्या सेल्फवर किंवा कॉम्प्रेशनवर घ्यावा. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. फक्त पहाटेच त्रास होतो, की गाडी गरम असतानाही? लांबच्या प्रवासात चहाला थांबल्यावर गाडी अडत असेल, तर हीटर प्लगला दोष देण्यात अर्थ नाही. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून परतीच्या नळीत निसटते. दाब चढत नाही. क्रँक सेन्सरही तापल्यावर असाच दगा देतो. सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे शून्यच दिसत असतील, तर आधी त्याच्याकडे पाहावे. रात्रभर उभी राहिलेली गाडी बराच वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होऊन मग दिवसभर नीट चालत असेल, तर तिने बहुधा 'एअर पकडलेली' असते. फिल्टरजवळची कडक झालेली सील किंवा चिरलेली नळी हवा आत घेते. तिथे थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

इंजेक्टरचा संशय असेल तर प्रत्येकाच्या परतीच्या नळीला एकेक छोटी बाटली लावतात. जी बाटली इतरांच्या आधी भरते, त्या इंजेक्टरमधून गळती जास्त. ही चाचणी न करता महागडा पंप उतरवणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या पैशावर अंदाज बांधत असतो. ईथरचा फवारा मारून गाडी उठवण्याची युक्ती तर हीटर प्लग असलेल्या इंजिनात सरळ धोक्याची. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो.

पण खरा धोका वेगळाच आहे. इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करून डिझेल येते का पाहायचे, ही जुन्या गॅरेजमधली सवय. जुन्या पंपाचा दाबही निरुपद्रवी नव्हता, पण तो क्षणभराचा असे. कॉमन रेलमध्ये तो साठलेला असतो आणि इंजिन पूर्ण भारावर असताना 1,300-1,600 बारपर्यंत जातो. नटाच्या फटीतून किंवा बारीक चिरेतून निघणारी धार दिसतही नाही. ती बोटाची कातडी भेदून आत शिरते. गळती शोधायला हात फिरवणे म्हणूनच घातक. शोधायचीच तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि इंजिन बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत नटाला पाना लावू नये.

अशी जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. आत मात्र डिझेल स्नायूंच्या आवरणांतून पसरत जाते, बोट सुजते, रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत शस्त्रक्रिया करून ते धुऊन काढले नाही, तर बोट गमावण्याची वेळ येते. त्यामुळे मलमपट्टी करून घरी न जाता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि डिझेल दाबाने आत शिरले आहे, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.