लेखांक सातवा : कागदावरची बाग

मागील लेखांकात छोट्या बागकाम-व्यवसायाकडे कामे कोणकोणत्या वाटांनी येतात याचा विचार झाला. त्यांपैकी छापील माहितीपत्रकाची वाट मोबाईलच्या भरवशावर बहुतेकांनी सोडून दिली आहे, म्हणून तिचा येथे स्वतंत्र विचार केला आहे. माहितीपत्रक म्हणजे बाजारात ज्याला ब्रोशर म्हणतात तो घडी घातलेला आणि दोन्ही बाजूंनी छापलेला कागद. हँडबिल किंवा पॅम्फ्लेट केवळ खबर देते आणि बहुधा त्याच दिवशी रद्दीत जाते. माहितीपत्रक मात्र घरात काही दिवस राहावे, ज्याच्या हाती दिले त्याच्याखेरीज घरातल्या दुसऱ्या कोणीही ते उचलून वाचावे आणि खर्चाचा निर्णय घरात बोलला जात असताना ते समोर असावे, या हेतूने केलेले असते. भूदृश्यरचनेच्या धंद्याला हा हेतू विशेष लागू पडतो. जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा, फरसबंदी, हिरवळ, झुडपे आणि झाडे यांची एकत्रित मांडणी म्हणजे भूदृश्यरचना, आणि हे काम क्वचितच एका माणसाच्या एका दिवसातल्या निर्णयाने ठरते.

नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे, सातपुड्याचा घाट सुरू होतो तेथले तिगाव हे गाव या विचारासाठी सोयीचे उदाहरण आहे. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन भाग येतात, आणि तिगावात राहून या दोन्ही भागांत काम घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचे ग्राहक मोठ्या शहरातल्या ग्राहकांहून वेगळे असतात. संत्र्याच्या उत्पन्नावर शेतात किंवा गावाच्या कडेला नवा बंगला बांधणारे बागायतदार, नागपूर–बैतूल महामार्गावरचे ढाबे आणि पेट्रोलपंप, खासगी शाळा, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील कारखाने आणि विदर्भाच्या रीतीप्रमाणे ज्यांना नुसते ‘लॉन’ म्हटले जाते ती लग्नसमारंभाची मोकळी मैदाने, असा हा ग्राहकवर्ग आहे. यांतला बागायतदार विशेष लक्षात घ्यावा लागतो. सीमेपलीकडच्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून कलम आणताना ते जंभेरीवर बांधले आहे की रंगपूर लाईमवर आणि डोळा जमिनीपासून किती उंचीवर भरला आहे, हे तो स्वतः तपासतो. लावलेली बाग चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येते हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. रोपाची पारख असलेल्या आणि वर्षांच्या हिशेबाने विचार करणाऱ्या अशा ग्राहकापुढे परदेशी बागांची इंटरनेटवरून उचललेली चित्रे ठेवणारे पत्रक दुबळे ठरते. दुसऱ्याचे छायाचित्र परवानगीवाचून छापणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे हे खरेच, परंतु त्याआधी ते धंद्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, कारण पांढुर्ण्याच्या मे महिन्यात इंग्लंडची हिरवळ उगवत नाही हे पत्रक वाचणाऱ्याला ठाऊक असते.

कागदावर बाग दाखवून काम मिळवण्याची रीत इंग्लंडमध्येच ज्याने फार विचारपूर्वक वापरली त्याची पद्धत आजही अभ्यासण्याजोगी आहे. हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) याने इतर धंद्यांत अपयश आल्यावर १७८८ साली भूदृश्यरचनेचा व्यवसाय सुरू केला आणि प्रारंभीच स्वतःचे एक व्यवसायपत्र कोरून छापून घेतले. त्या चित्रात तो हाती फुलझाड घेतलेला माळी नसून कोन मोजण्याच्या यंत्रापाशी उभा राहून जमिनीची पाहणी करणारा जाणकार आहे, आणि आपण विकतो ते रोप नव्हे, जमिनीची समज आहे, असा त्या चित्राचा स्पष्ट दावा आहे. पुढे तो प्रत्येक मोठ्या ग्राहकासाठी लाल कातड्यात बांधलेली हस्तलिखित वही करू लागला. ‘रेड बुक’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या वह्यांतल्या जलरंगचित्रांवर कागदाची एक झडप असे. झडप खाली असताना जागेचे आजचे रूप दिसे आणि ती उचलली की त्याच ठिकाणाहून पाहिलेले सुधारलेले रूप दिसे. या युक्तीचे मर्म झडपेत नसून दृष्टिकोन न बदलण्यात आहे. आज सर्रास छापल्या जाणाऱ्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांत पहिले चित्र भर दुपारी कचऱ्याच्या बाजूने आणि दुसरे संध्याकाळच्या उन्हात फुलांच्या बाजूने घेतलेले असते, त्यामुळे वाचणाऱ्याला बदल दिसतो पण पटत नाही. काम सुरू होण्यापूर्वी जागेवर एक खूण निश्चित करून त्याच खुणेवरून, त्याच वेळी, पहिल्या दिवशी, पहिल्या पावसाळ्यानंतर आणि तिसऱ्या वर्षी छायाचित्र घेण्याची शिस्त ठेवली, तर तिगावच्या व्यावसायिकाला दोन-तीन कामांतूनच असे पत्रक करता येते, ज्याची नक्कल दुसऱ्याला करता येणार नाही.

मराठी मुलखात छापील मजकुराने ग्राहक घडवण्याचे सर्वांत ठळक उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लोखंडी नांगराने जमीन बिघडते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला नांगर विकायचा तर नुसता भाव सांगून भागणार नव्हते. त्याला माहिती द्यावी लागणार होती, आणि ती पुन्हा पुन्हा द्यावी लागणार होती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र अशा गरजेतून कारखान्याचा माल, विक्रेते आणि ग्राहक यांना जोडण्यासाठी निघाले आणि पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. छोट्या बागकाम-व्यावसायिकाने मासिक काढावे असा याचा अर्थ नाही. ग्राहकाच्या मनात जी शंका आहे तिलाच पत्रकात जागा द्यावी, एवढाच त्यातून घेण्याचा बोध आहे.

तिगाव-पांढुर्ण्याच्या ग्राहकाची पहिली शंका अशी असते की माळी ठेवून जे काम होईल त्यासाठी वेगळे पैसे का मोजावेत. या शंकेचे उत्तर फुलांच्या छायाचित्रात नाही, ते जमिनीच्या पोटात आहे. या भागातील काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेली फरशी दोन वर्षांत वरखाली होते आणि उतार न काढता लावलेल्या हिरवळीत श्रावणात पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून माहितीपत्रकाच्या मधल्या, सर्वांत मोठ्या जागेत हिरवळीचा आणि पायवाटेचा उभा छेद छापावा. उभा छेद म्हणजे जमीन सुरीने कापल्यासारखी बाजूने दाखवणारे रेखाचित्र : तळाशी मूळची काळी माती, तिच्यावर दाबलेला मुरूम, पाणी वाहून नेणारी नळी, त्यावर वाळू आणि शेणखत मिसळलेली माती, आणि सर्वांत वर गवत. हे चित्र साध्या रेषांचे असले तरी चालते, किंबहुना साधेच असावे. ज्याने विहीर खोदताना आणि घराचा पाया भरताना हेच थर पाहिले आहेत त्याला ते एका नजरेत कळते आणि माळीकाम व भूदृश्यरचना यांतला फरक त्याला शब्दांत समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी शंका वेळेची आणि पाण्याची असते. हिरवळ दोन-तीन महिन्यांत भरते, बोगनवेल आणि कण्हेर लवकर रंगावर येतात, पण बहाव्याच्या पिवळ्या घोसांसाठी काही वर्षे थांबावे लागते. हे वर्षवार छापले तर ग्राहक बिचकेल अशी भीती बाळगण्याचे या भागात तरी कारण नाही, कारण संत्रा लावणाऱ्याला झाडासाठी थांबणे नवे नाही. त्याचप्रमाणे हिरवळीला उन्हाळ्यात नियमित पाणी लागतेच, हे लपवून मिळवलेले काम पुढच्या एप्रिलमध्ये वाळलेल्या गवताच्या रूपाने सर्व येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसते. पाणी कमी असणाऱ्यासाठी हिरवळ लहान आणि कण्हेर, बोगनवेल, कडुनिंब, कांचन यांची मांडणी मोठी, असा दुसरा पर्याय पत्रकातच दिला, तर जे काम हातचे गेले असते ते लहान होऊन का होईना मिळते. झाडांच्या यादीबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. झटपट हिरवी भिंत देणारा कोनोकार्पस अनेक पत्रकांत अग्रभागी दिसतो, परंतु गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. जे झाड शेजारच्या राज्याने हद्दपार केले ते स्वतःच्या नावाखाली छापून ठेवणे शहाणपणाचे नाही.

झाडे जगण्याची हमी हा पत्रकातला सर्वांत नाजूक मजकूर होय. ‘शंभर टक्के हमी’ हे शब्द छापायला सोपे आणि निभवायला अशक्य असतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील जाहिरातीची व्याख्या परिपत्रकासारख्या छापील कागदालाही लागू होते आणि दिशाभूल करणारी जाहिरात त्या कायद्याखाली दंडास पात्र ठरते, ही गोष्ट अलाहिदा. परंतु जेथे गाव लहान आणि ओळखी दाट आहेत तेथे पाळता न आलेली हमी कायद्याच्या आधी चावडीवर पोचते. अमुक महिन्यात लावलेले अमुक उंचीचे रोप पहिल्या पावसाळ्याअखेर मेले तर एकदा बदलून मिळेल, पाणी देण्याची जबाबदारी ग्राहकाची राहील आणि जनावरांनी केलेले नुकसान हमीत धरले जाणार नाही, इतके नेमके लिहिले म्हणजे पुरे. अशी मर्यादित हमीच अधिक विश्वसनीय वाटते.

भाषेचा प्रश्न या जिल्ह्यात टाळता येत नाही. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी येथील स्थिती असल्याने बंगल्यासाठीचे पत्रक मराठीत आणि शाळा, कारखाने व सरकारी कार्यालये यांच्यासाठीचे हिंदीत, असे दोन वेगळे छाप घ्यावेत. एकाच कागदावर दोन्ही भाषा कोंबल्या तर दोहोंचे अक्षर बारीक होते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना काहीच वाचता येत नाही. हिंदीची सवय असलेल्या डीटीपी चालकाकडून, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणाऱ्याकडून, ‘हिरवळ’चे ‘हिरवल’ होण्याचा संभव असतो, आणि मजकूर एका टंकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे तुटतात. म्हणून शेवटचा तपासणीचा छाप कागदावर काढून मराठी वाचणाऱ्याच्या नजरेखालून घालावा.

छपाईच्या तांत्रिक बाजूंपैकी थोड्याच गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. ए-फोर आकाराच्या कागदाची लांबी २९७ मिलिमीटर असते आणि त्याला दोन घड्या घातल्या की सहा पाने मिळतात. आत दुमडले जाणारे पान दोन-तीन मिलिमीटर अरुंद ठेवावे लागते, म्हणून १००, १०० आणि ९७ अशी विभागणी करतात, अन्यथा घडी फुगते. रंगीत छपाई निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंच्या मिश्रणातून होते आणि मोबाईलच्या पडद्यावर लखलखणारा हिरवा रंग या मिश्रणात जसाच्या तसा उतरत नाही. बागेच्या पत्रकात नेमका हिरवाच रंग मुख्य असल्याने हिरवळ मातकट किंवा निळसर छापली जाण्याचा धोका मोठा असतो, आणि तो टाळायचा तर एक नमुना प्रत पाहिल्याशिवाय संपूर्ण छपाईला संमती देऊ नये. व्हॉट्सॲपवरून साधेपणी पाठवलेले छायाचित्र आकसते आणि छापल्यावर धूसर दिसते. ते दस्तऐवज म्हणून पाठवावे. ऑफसेट पद्धतीत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट आधी करावी लागत असल्याने ती हजाराच्या पुढच्या छपाईला परवडते, काहीशे प्रतींसाठी डिजिटल छपाईच योग्य, आणि छोट्या व्यावसायिकाने थोड्याच प्रती छापून दरवर्षी नवी छायाचित्रे घालत जाणे अधिक हिताचे.

कागद निवडताना बहुतेक जण गुळगुळीत, चकचकीत आर्ट पेपरचा आग्रह धरतात, पण त्यावर बॉलपेनाने नीट लिहिता येत नाही. बागकामाच्या पत्रकाला लिहिण्याची जागा असावी. शेवटच्या पानावर फिकट चौकटींची जाळी छापली आणि एक चौकट म्हणजे पाच फूट असे प्रमाण दिले, तर पहिल्या भेटीतच प्लॉटचा कच्चा नकाशा, विहीर किंवा बोअरची जागा, सावलीची बाजू आणि अंदाजे चौरस फूट त्याच कागदावर ग्राहकासमोर उतरवता येतात. आपल्या जागेचा नकाशा असलेला कागद माणूस सहसा टाकून देत नाही. यासाठी चमक नसलेला मॅट किंवा जाडसर मॅपलिथो कागद घ्यावा. छायाचित्रांची चमक थोडी कमी झाली तरी चालेल.

पत्रके केव्हा द्यावीत याचा हिशेब संत्र्याच्या बहारावर बसवावा लागतो. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास उतरतात, म्हणजे हातात पैसा येण्याचे दोन हंगाम ठरलेले आहेत. त्यांपैकी दुसरा हंगाम जूनमधल्या लागवडीच्या अगदी आधी येत असल्याने मार्च-एप्रिलमध्ये दिलेले पत्रक सर्वांत फलदायी ठरण्याची शक्यता असते, कारण उतार आणि निचऱ्याचे काम कोरड्या जमिनीत, पाऊस पडण्यापूर्वीच उरकावे लागते. गर्दी दिसली की वाटप करण्याचा मोह मात्र आवरावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीला, म्हणजे दगडफेकीच्या मेळ्याला, माणसे लोटतात हे खरे, परंतु ज्या दिवशी दवाखाने आणि पोलीस सज्ज ठेवावे लागतात त्या दिवशी बागेचा कागद कोणी खिशात जपून नेईल अशी अपेक्षा भाबडीच म्हणावी लागेल. वर्तमानपत्रात घालून घरोघर पाठवण्याची रीतही येथे फारशी उपयोगाची नाही, कारण ज्याच्या दारात मोकळी जागाच नाही अशा शेकडो घरांत ती प्रत जाते. सिमेंट आणि फरशीचा दुकानदार, आराखडा काढणारा अभियंता, गवंडी आणि रोपवाटिका यांच्याकडे मात्र घर बांधून संपत आलेला माणूस स्वतःच येतो; तेथे पन्नास प्रती ठेवणे हजार प्रती वाटण्यापेक्षा बरे. प्रत्येक ठिकाणच्या गठ्ठ्याच्या कोपऱ्यात वेगळे अक्षर छापावे किंवा शिक्का मारावा आणि फोन आल्यावर ते अक्षर विचारून वहीत नोंदवावे. एका लागवडीच्या हंगामात कोणत्या काउंटरवरून काम येते आणि कोठे पत्रके नुसती धूळ खातात हे त्या नोंदीवरून कळते आणि पुढच्या वर्षीची छपाई त्यानुसार ठरवता येते.

पत्रकात दर छापावेत की नाहीत, हा प्रश्न येथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे. रोपांचे भाव हंगामागणिक हलतात आणि मुरूम व मजुरीचे दर तिगाव आणि सौंसर यांत सारखे नसतात, म्हणून दरपत्रक हा माहितीपत्रकापासून वेगळा, तारीख घातलेला कागद असावा लागतो. त्याची रचना आणि कामाचा लेखी करार यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.