इंज्युरी टाइमचा हिशेब

मालवण किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले की गोवा लागतो. तेथील फुटबॉलप्रेमींना २० डिसेंबर २०१५ ची रात्र विसरणे कठीण आहे. फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाने ८७व्या मिनिटाला २-१ अशी आघाडी घेतली. ९०व्या मिनिटाला स्वयंगोल झाला आणि इंज्युरी टाइममध्ये मेंडोझाने गोल करून चेन्नईयन एफसीला ३-२ असे विजेतेपद मिळवून दिले.

फुटबॉलमध्ये घड्याळ थांबत नाही. दुखापती, खेळाडूंची अदलाबदल, गोलनंतरचा जल्लोष आणि निव्वळ वेळकाढूपणा यांत वाया गेलेला वेळ पंच शेवटी जोडतात. थ्रो-इनसारखे नेहमीचे खोळंबे त्यात सहसा धरले जात नाहीत. फलकावर दिसतात ती किमान मिनिटे. पंच ती वाढवू शकतात, घटवू शकत नाहीत. बरोबरीनंतरचा ३० मिनिटांचा ‘जादा वेळ’ वेगळा. दोहोंची गल्लत मात्र नेहमीच होते.

२०२२ च्या विश्वचषकात इंग्लंड-इराण सामन्यात सुमारे २७ मिनिटे जोडली गेली. जुलै २०२५ पासून ८ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात धरून ठेवणाऱ्या गोलरक्षकाविरुद्ध कॉर्नर दिला जातो. पूर्वीची ६ सेकंदांची मर्यादा बहुतांशी कागदावरच राहिली होती.