धा, तिट आणि १३ लाख ४६ हजार २६९

एकतालाच्या मात्रा १२. बडा ख्याल सुरू होतो तेव्हा या बारा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला कधीकधी ६० सेकंद लागतात, म्हणजे दोन मात्रांमध्ये ५ सेकंदांची पोकळी. पुढे तोच गायक द्रुत बंदिशीवर येतो, तबलावादक मिनिटाला ३०० मात्रांच्या लयीत तोच एकताल धरतो आणि तेच आवर्तन २.४ सेकंदांत संपतं. ‘धिं धिं धागे तिरकिट’ हा ठेका तोच, बोटं तीच, काळ मात्र २५ पटींनी आकसलेला. ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस २५ पट वेगाने धावू लागला तर तो ताशी १२५ किलोमीटरने एक्स्प्रेस गाडीच्या बरोबरीने जाईल. तबलावादकाचे हात एकाच मैफलीत हे दोन्ही वेग हाताळतात.

तबल्याच्या क्लासला मुलाला घालणाऱ्या आईवडिलांना आणि खुद्द त्या मुलाला यातलं वेगाचं टोक आधी दिसतं. टाळ्याही तिथेच पडतात. पण तबल्यातले थक्क करणारे सगळे आकडे नीट मांडून पाहिले तर ते एकाच लहानशा गोष्टीवर उभे असल्याचं दिसतं: दोन मात्रांमधलं सारखं अंतर.

आधी ती पाच सेकंदांची पोकळी जवळून पाहू. एक टाळी वाजवा, डोळे मिटा आणि घड्याळ न बघता बरोबर पाच सेकंदांनी दुसरी टाळी वाजवा. असं ओळीने बारा वेळा करा. चौथ्या-पाचव्या टाळीपाशीच मन डगमगू लागतं. तबलावादक ही पोकळी मनातल्या मनात विभागतो. एका मात्रेचे चार भाग केले की आवर्तनात ४८ भाग होतात, प्रत्येक सव्वा सेकंदाचा. या भागांत तो हलक्या हाताने भरणा करतो आणि गायकाला आपण कुठे आहोत ते कळत राहतं. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेब १४ मात्रांच्या झुमऱ्यात ज्या संथपणे आलाप मांडत, त्यामागे अशीच न हलणारी लय लागायची. गाणाऱ्याने समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं आणि तिथे तबला हजर असायचा, हा सगळा विश्वास या विभागणीवर चालतो.

अंतर थोडंसं हललं तर काय होतं? मी शिकायला बसलो तेव्हा गुरुजींनी सुरुवातीचे कितीतरी दिवस तीनतालाच्या ठेक्यापलीकडे जाऊ दिलं नाही. हातावर ताल धरून ते एवढंच म्हणायचे, “पळू नकोस. धा संपू दे, मग पुढचा.” आपण पळतोय हे तेव्हा कळतच नसे. त्याचा हिशेब पुष्कळ वर्षांनी कागदावर केला. मिनिटाला ६० मात्रांनी सुरुवात करायची आणि दर मात्रेला लय फक्त १ टक्क्याने वाढू द्यायची. पहिल्या मात्रेला हा फरक जेमतेम सेकंदाचा शंभरावा भाग असतो, कानाला जाणवतही नाही. पण तीनतालाचं एक आवर्तन संपेपर्यंत लय ७० वर जाते, दोन आवर्तनांनी ८२ वर, चार आवर्तनांनी ११३ वर. सत्तराव्या मात्रेला ती दुप्पट झालेली असते. शंभरात एकाची चूक साडेचार आवर्तनांच्या आत दुगुन करून ठेवते. गुरुजींचं ‘पळू नकोस’ हे चक्रवाढ व्याजाविरुद्धचं वाक्य होतं.

अंतर स्थिर झालं की त्याचे तुकडे करायचे. दुगुन, तिगुन, चौगुन सरळ आहेत: एका सेकंदाच्या मात्रेत दोन, तीन किंवा चार अक्षरं. खरी कसोटी अपूर्णांकांत लागते. जुन्या मराठी शाळांत पोरं पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकायची. तबल्यात ही उजळणी हातांनी करावी लागते. दीडपट म्हणजे आड लय: १६ मात्रांच्या जागेत २४. सव्वापट, जिला बहुतेक तबलावादक कुआड म्हणतात, तिच्यात २०. पावणेदोनपट म्हणजे बिआड, तिच्यात २८. मूळ मात्रा एका सेकंदाची धरली तर सव्वापटीत दोन अक्षरांमधलं अंतर ८०० मिलिसेकंद येतं, दीडपटीत ६६७, पावणेदोनपटीत ५७१ आणि दुपटीत ५००. आड आणि बिआड यांच्यात सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाही फरक नाही. पापणी लवायला याहून कमी वेळ लागत नाही. तरीही नेटाने शिकलेला विद्यार्थी हातावर तीनताल धरून तोंडाने आडातून बिआडात जातो आणि दोन्ही वेळा समेवर अचूक येतो. हातात घड्याळ नसतं, फक्त खाली चाललेली मूळ मात्रा असते.

आता दुसरं टोक. मिनिटाला ९० मात्रांची लय, दर मात्रेत आठ अक्षरं, असा रेला, म्हणजे वेगवान बोलांची सलग धार, चालू आहे असं धरा. सेकंदाला १२ अक्षरं झाली, एका अक्षराला ८३ मिलिसेकंद. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी दाखवते, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या वाट्याला जेमतेम दोन चौकटी. हे एका बोटाचं काम नाहीच. ‘तिरकिट’मध्ये ‘ति’ उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडे, ‘र’ तर्जनीकडे, ‘कि’ डाव्या पंजाकडे आणि ‘ट’ पुन्हा उजवीकडे येतो. ‘धिरधिर’ला उजवा पंजा दोन्ही कडांवर झुलतो. काम असं वाटून घेतल्यामुळे वेग शक्य होतो. आणि वाटणी नीट बसते ती ठाय, म्हणजे संथ, लयीत, जिथे प्रत्येक बोटाची जागा आणि वजन कानाला वेगळं ऐकू येतं. तिथे ‘र’ पुसट राहिला तर चौगुनीत तो नाहीसाच होतो.

वेगाचे आकडे इथे संपतात, पण तबल्यातला सर्वांत मोठा आकडा वेगाचा नाही. दिल्ली घराण्याचा एक कायदा, म्हणजे विस्तार करण्यासाठी बांधलेली बोलरचना, जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून जातो: धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना. पहिल्या ओळीची आठ अक्षरं पाहा. शेवटची दोन, ‘तिंना’, पक्की. आधीची सहा अक्षरं दोनच ऐवजांनी भरली आहेत: एका अक्षराचा ‘धा’ आणि दोन अक्षरांचा ‘तिट’. पलटा, म्हणजे कायद्याचा विस्तार, करताना हेच दोन ऐवज फिरवायचे असतात, बाहेरचं काही आणायचं नसतं.

मग सहा अक्षरांची जागा किती तऱ्हांनी भरता येईल? शेवटी ‘धा’ आला तर आधी पाचाची जागा उरते, ‘तिट’ आला तर चाराची. म्हणून पाचाच्या आणि चाराच्या तऱ्हा मिळवल्या की सहाच्या मिळतात. १, २, ३, ५, ८, १३. उत्तर १३, आणि मूळ कायदा त्यातला एक. ओळ दुप्पट केली, म्हणजे १६ अक्षरांपैकी १४ मोकळी ठेवली, की तऱ्हा ६१० होतात. ओळ आणखी दुप्पट करून ३० अक्षरं मोकळी ठेवली की आकडा जातो १३,४६,२६९ वर. साडेतेरा लाखांच्या आसपास पलटे, आणि भांडवल काय, तर ‘धा’ आणि ‘तिट’. प्रत्येक पलटा भरी आणि खाली अशा दोन्ही ओळींसकट ६४ अक्षरांचा. सेकंदाला आठ अक्षरांनी वाजवला तर त्याला ८ सेकंद लागतात. सगळे वाजवायला अहोरात्र बसलं तरी १२४ दिवस पुरत नाहीत. रोज दोन तासांचा रियाज धरला तर चार वर्षांहून जास्त काळ जातो. यातले बहुसंख्य पलटे कानाला सपाट लागतील, म्हणून जाणता वादक त्यातून आठ-दहाच निवडतो. त्या निवडीत त्याचं घराणं आणि त्याची बुद्धी दिसते.

ही बेरीज आपल्याकडे फार जुनी आहे. लघु एका मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा, तर अमुक मात्रांची वृत्तं किती, हा प्रश्न आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात याच रीतीने सोडवला. हीच बेरीज मांडणारं इटलीतल्या फिबोनाचीचं पुस्तक आलं १२०२ साली, त्यानंतर. पुढचं पाऊल तर आपल्या मराठवाड्यात पडलं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव हिशेबखात्याचा प्रमुख होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात १२० देशी ताल नोंदवले आणि तालांचा प्रस्तार, म्हणजे त्यांच्या सगळ्या शक्य रचना, मोजायची रीत दिली. त्याच्याकडे चार मापं होती: द्रुत, त्याच्या दुप्पट लघु, चौपट गुरू आणि सहापट प्लुत. म्हणून त्याची बेरीजही चार पायांची: मागचा आकडा, त्याच्या मागचा, चौथा मागचा आणि सहावा मागचा. १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६० असं करत १६ द्रुतांच्या जागेत ६,२३६ ताल बसतात. देवगिरीचा, म्हणजे आजच्या दौलताबादचा, किल्ला चढताना तोफा आणि खंदक आपण सगळेच बघतो. राज्याच्या महसुलाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने इथेच लयीचाही हिशेब लिहून ठेवला, हेही तिथे आठवायला हवं.

कागदावरचं हे गणित अंगात उतरवलेला माणूस गोव्यात होऊन गेला: लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर. हातांनी, पायांनी आणि तोंडाने वेगवेगळे ताल एकाच वेळी धरून ते समेवर एकत्र आणायचे, ही त्यांची ख्याती. त्यात काय आहे ते समजायला एक साधी मांडणी करू. तीनताल १६ मात्रांचा, एकताल १२, झपताल १० आणि रूपक ७ मात्रांचा. हे चारही एकाच लयीत, एकाच क्षणी सुरू केले तर चौघांच्या समा पुन्हा एकत्र कधी येतील? १,६८० मात्रांनी. मिनिटाला ६० मात्रा धरल्या तर २८ मिनिटांनी. तोवर तीनतालाची १०५ आवर्तनं झालेली असतात, एकतालाची १४०, झपतालाची १६८ आणि रूपकची २४०. आपण यातले दोन ताल मनात धरू पाहिले तरी दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात पहिला सुटतो.

एवढं सगळं हातात येतं कसं? मोजून सांगण्यासारखा एकच मार्ग आहे. रोज दोन तास, सरासरी सेकंदाला सहा अक्षरं धरली तर दिवसाला ४३,२०० अक्षरं होतात आणि वर्षाला १ कोटी ५७ लाख ६८ हजार. चिल्ला म्हणून ४० दिवस एकांतात रियाज करायची जुनी चाल आहे. त्यात दिवसाला ८ तास धरले तर ६९ लाखांवर अक्षरं वाजतात. यातलं प्रत्येक अक्षर ठरल्या जागी पडलं तर हाताला ती जागा पाठ होते. चुकीच्या जागी पडलं तर हाताला चूक पाठ होते, तीही तेवढ्याच लाख वेळा. म्हणून तबला शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: दुगुनीची घाई करू नका. गुरू ठाय लयीत महिनोन्महिने बसवतात तेव्हा ते तुमचे कोटीभर ठोके वाया जाण्यापासून वाचवत असतात.

आज रात्री तबल्याशिवायही याची चाचणी घेता येईल. मोबाइलमधलं घड्याळ सुरू करा, तो पालथा ठेवा आणि दर सेकंदाला एक मात्रा या हिशेबाने हातावर तीनताल धरा. १, ५ आणि १३ ला टाळी, ९ ला खाली. सोळा आवर्तनं पुरी करा आणि पुढच्या समेवर घड्याळ थांबवा. मात्रा २५६ झाल्या, म्हणजे घड्याळात बरोबर ४ मिनिटं १६ सेकंद दिसायला हवेत.