पासष्टाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी

कमल नारायण सिंग 25 नोव्हेंबर 1991 रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले आणि 12 डिसेंबरला निवृत्त झाले. दोन्ही टोकांचे दिवस धरले तरी 18 भरतात. पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड त्याच खुर्चीवर 22 फेब्रुवारी 1978 रोजी बसले ते 11 जुलै 1985 पर्यंत. हे दिवस 2,697. जवळजवळ दीडशेपट! इतका काळ ही खुर्ची आजवर दुसऱ्या कुणालाच मिळालेली नाही.

या तफावतीमागचे सगळ्यात मोठे कारण जन्मतारीख. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश 65 वर्षे पूर्ण होईपर्यंत पदावर राहतो, उच्च न्यायालयाचा 62 पर्यंत. त्यापुढे मुदतवाढ नाही. सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने द्यायची प्रथा आहे, त्यामुळे एखादा न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात रुजू झाला की तो सरन्यायाधीश होईल का, आणि झाला तर किती दिवस राहील, हे कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या कुणालाही काढता येते. निरोप समारंभात वकीलमंडळी न्यायमूर्तींनी लिहिलेल्या निकालपत्रांची संख्या मोठ्या अभिमानाने सांगतात. मला मात्र त्या सगळ्या आकड्यांपेक्षा ही एक तारीख जास्त बोलकी वाटते. निकाल कधी लागणार, घाईत लागणार की सावकाश, हे कित्येकदा तीच ठरवते. कारण साधे आहे : सुनावणी ऐकलेला न्यायाधीश निकाल न देता निवृत्त झाला, तर दुसऱ्या पीठापुढे सगळे पुन्हा पहिल्यापासून ऐकवावे लागते.

केशवानंद भारती खटल्याचेच बघा. 13 न्यायाधीशांचे पीठ, सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासातले सगळ्यात मोठे. 31 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालेली सुनावणी 68 दिवस चालून 23 मार्च 1973 ला संपली. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश सर्वमित्र सिक्री यांचा जन्म 26 एप्रिल 1908 चा, म्हणजे 25 एप्रिलला निवृत्ती. हातात उरला एक महिना. तेवढ्यात 13 जणांनी मिळून 11 वेगवेगळी निकालपत्रे लिहिली. एकूण पाने 703, दिवसाला सरासरी 22. संसदेला घटनादुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, हा निर्णय 7 विरुद्ध 6 अशा एका मताने झाला, तोही 24 एप्रिलला, निवृत्तीच्या आदल्या दिवशी. 11 निकालपत्रांमधून बहुमत नेमके कशाला आहे हे कळावे म्हणून एक छोटा गोषवारा काढला गेला, त्यावर 13 पैकी 9 जणांनी सह्या केल्या. सही करणाऱ्यांत चंद्रचूडही होते, आणि ते तर विरोधातल्या सहांपैकी एक! या सह्यांवर घटनातज्ज्ञ पुढे कितीतरी वर्षे भांडत राहिले. आणखी चार महिने मिळाले असते तर इतका गुंता झाला नसता, असे मला वाटते. पण त्या पीठाला चार महिने मिळणे शक्यच नव्हते. पुढे 1980 मध्ये, मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात, त्याच मूलभूत चौकटीच्या बाजूने बहुमताचा निकाल लिहिला तो याच चंद्रचूडांनी.

यशवंतराव 19 मार्च 1961 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. तिथून निवृत्तीपर्यंत 24 वर्षे आणि वर पावणेचार महिने. त्यांचे चिरंजीव धनंजय 29 मार्च 2000 रोजी त्याच उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि 10 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश म्हणून निवृत्त झाले : 24 वर्षे, साडेसात महिने. दोघांची बेरीज 49 वर्षांच्या घरात जाते. संविधान लागू झाल्यापासूनच्या पहिल्या 75 वर्षांपैकी 49 वर्षे या एका घरातला कुणीतरी न्यायासनावर होता.

पण या बेरजेत वजाबाकीही आहे. 28 एप्रिल 1976 रोजी, आणीबाणीत, जबलपूर खटल्यात पाच जणांच्या पीठाने 4 विरुद्ध 1 असा निकाल दिला की, स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. चारांत यशवंतराव होते. एकटे विरोधात गेले ते हंसराज खन्ना. त्याआधी नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता, तो या निकालाने पुसला गेला. खन्नांना पुढे ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद नाकारले गेले. 41 वर्षांनी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठावर बसून धनंजय चंद्रचूड यांनी खासगीपणाच्या हक्काच्या निकालात वडिलांचा तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. नोव्हेंबर 2024 मध्ये ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आले संजीव खन्ना, हंसराज खन्नांचे पुतणे.

आता रोजच्या कामाचा हिशेब. सर्वोच्च न्यायालय साडेदहाला बसते, दुपारी एक तास सुटी, चारला उठते. हातात साडेचार तास, म्हणजे 270 मिनिटे. सोमवारी आणि शुक्रवारी नवी प्रकरणे दाखल करून घ्यायची की नाही ते ठरते. समजा बोर्डावर 60 प्रकरणे लागली, तर एकेकाला साडेचार मिनिटे येतात. फायली आदल्या रात्री घरी वाचून ठेवायच्या, हे वेगळेच. वर्षाचे 200 दिवस आणि दिवसाला 50 प्रकरणे धरली, तर 24 वर्षांत एका न्यायाधीशासमोर 2 लाख 40 हजार वेळा पुकारा होतो. सेवेचा गौरव करायचाच तर मी हा आकडा धरीन. त्यातल्या बहुतेक प्रकरणांचे नाव कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाही.

आणि हे सगळे कशापुढे? देशभरातल्या न्यायालयांत 5 कोटींहून जास्त खटले पडून आहेत. प्रत्येकाला फक्त 10 मिनिटे दिली आणि एकाच न्यायाधीशाने रोज साडेपाच तास, वर्षाचे 200 दिवस काम केले, तर त्याला साडेसात हजार वर्षे लागतील. आज संपवायचे म्हटले तर त्याने हडप्पाची शहरे वसण्याच्याही कितीतरी आधी सुरुवात करायला हवी होती. खालच्या न्यायालयांतल्या सुमारे 20 हजार न्यायाधीशांत तेच काम वाटले, तर मात्र कामाच्या 76 दिवसांत संपते. गंमत अशी, की हा दुसरा आकडा वाचून हुरूप येतो आणि तिथेच फसायला होते. 10 मिनिटांत संपणारा खटला नसतोच. साक्षी, उलटतपासणी, गैरहजर पोलीस, आजारी वकील, पुढची तारीख. विधी आयोगाने 1987 मध्ये सांगितले होते की, दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत. मंजूर पदे धरूनही आपण आज 21 च्या आसपास आहोत.

यशवंतरावांचा जन्म 12 जुलै 1920 चा, म्हणून निवृत्ती 11 जुलै 1985. 1981 मध्ये मुंबईच्या पदपथांवरच्या झोपड्या पाडायची मोहीम निघाली, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथावर राहणारे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. चार वर्षांनी त्या प्रकरणाचा निकाल लागला, 10 जुलैला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असे पाच न्यायाधीशांच्या पीठासाठी यशवंतरावांनी लिहिले. पण पदपथ मोकळे करायचा महापालिकेचा अधिकारही त्यांनी मान्य केला, फक्त पावसाळा उलटून महिना होईपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत, थांबायला सांगितले. निकाल दिला त्या दिवशी त्यांच्या हातात सेवेचा एक दिवस उरला होता, पदपथावरच्या माणसांच्या हातात 113.