प्रिंटर सुरू आहे, पण आतल्या विंडोजला सापडत नाही
संगणक आणि आपण : लेखांक १२

मागच्या आठवड्यात आपण नव्या संगणकात जुनं विंडोज कसं बसवायचं, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन कसं उभं करायचं, ते पाहिलं. तिथे हमखास अडणारी गोष्ट म्हणजे प्रिंटर.

समजा, हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डातली एक आडत. हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरचं, ते बनवणारा केव्हाच दुसऱ्या धंद्यात गेलेला. नवा संगणक विंडोज ११ चा, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ घातलं. हळदीचं बीट झालं, काटा झाला, शेतकरी पट्टीसाठी ताटकळलाय. वायफायवरचा प्रिंटर बाहेरच्या विंडोजमधून बिनबोभाट छापतो. आतलं विंडोज मात्र शोधून शोधून थकतं आणि प्रिंटर नाहीच म्हणतं.

अशा वेळी बहुतेक जण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. त्यात तास जातो आणि हाती काही लागत नाही, कारण अडचण बहुधा ड्रायव्हरपर्यंत पोचलेलीच नसते.

व्हर्च्युअलबॉक्स नव्या मशीनला आपणहून ‘नॅट’ पद्धतीचं नेटवर्क देतं. आतल्या विंडोजला सहसा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. प्रिंटर असतो राउटरने दिलेल्या पत्त्यावर, समजा १९२.१६८.१.५० वर. प्रिंटर शोधताना विंडोज सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाळी देतं, आणि ती नॅटच्या आतच विरते. नेमक्या पत्त्यावर धाडलेला मजकूर मात्र नॅट बाहेर पोचवतं. म्हणून शोधायला लावू नका, पत्ताच द्या.

आधी वाट मोकळी आहे का ते बघा. आतल्या विंडोजच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाका. बहुतेक नेटवर्क प्रिंटरचं स्वतःचं एक पान असतं. ते उघडलं, किंवा जुन्या ब्राउझरने सुरक्षिततेचा इशारा दाखवला, तरी प्रिंटरने उत्तर दिलं असं समजा. काहीच आलं नाही, तर मशीनच्या सेटिंगमध्ये ‘होस्ट-ओन्ली’ निवडलेलं नाही ना, ते तपासा.

मग ‘ॲड प्रिंटर’मध्ये जाऊन ‘लोकल प्रिंटर’ निवडा. प्रिंटर नेटवर्कवर असताना लोकल का, असं वाटून लोक इथेच चुकतात. नेटवर्कचा पर्याय निवडला की पुन्हा तीच शोधाशोध सुरू होते. लोकलमध्ये ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’, त्यात ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, आणि मग पत्ता. छपाई साधारणपणे ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून जाते. ड्रायव्हर आतल्या विंडोजला जुळणारा हवा. ते ३२ बिटचं असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच.

एवढं करूनही प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसला, तर प्रिंटरच्या पोर्टचं ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’समोरची खूण काढा. विंडोज एसएनएमपीने प्रिंटरची खुशाली विचारतं, आणि उत्तर आलं नाही की धडधाकट प्रिंटरलाही बंद ठरवतं.

काल छापत होता, आज नाही? वीज गेली-आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि प्रिंटरला दुसराच पत्ता देऊ शकतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. पोर्ट कितीही नीट केला तरी याशिवाय तो टिकणार नाही.

अनेक जण नॅट काढून ‘ब्रिज्ड’ करायला सांगतात. त्याने आतल्या विंडोजला राउटरकडूनच पत्ता मिळतो, आणि हाळीही ऐकू जाते. पण विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. अशा मशीनला सगळ्या दुकानाच्या नेटवर्कवर उघडं करणं मला पटत नाही, कारण त्यात शेतकऱ्यांचे हिशोब आणि बँक खात्यांचे क्रमांक असतात. नॅट राहू द्या, पत्ता हाताने द्या. यात एक उणीव राहते: प्रिंटरवरून धाडलेलं स्कॅन आत येत नाही. ते बाहेरच्या विंडोजमध्ये घ्या आणि सामायिक फोल्डरमधून आत उघडा.

यूएसबी प्रिंटरचं प्रकरण निराळं आहे, ते पुढच्या आठवड्यात. तोवर आपल्या प्रिंटरचा पत्ता कागदावर लिहून त्याच्याच अंगावर चिकटवून ठेवा. ऐन बीटाच्या दिवशी तो शोधायची वेळ येऊ देऊ नका.